ठोक्याची गोळी आणि लिव्हरच्या शिरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमिओडॅरोन या औषधाला आमच्या काउंटरवर लोक ‘ठोक्याची गोळी’ म्हणतात, कुणी ‘धडधडीची गोळी’ म्हणतं. मी कोल्हापुरात औषध दुकान चालवणारा फार्मासिस्ट आहे. शहरातून, कागल-गडहिंग्लजकडून, इचलकरंजीहून लोक चिठ्ठी घेऊन येतात आणि गोळ्या घेता घेता प्रश्न विचारतात. बरेच प्रश्न रात्री मोबाइलवर येतात, सोबत रिपोर्टचा फोटो असतो. अलीकडे एकच भीती अनेकांच्या तोंडून ऐकू येते: ही गोळी घेतल्याने लिव्हरच्या शिरा बंद पडतात का? कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं आणि त्यावरून काही जण गोळी परस्पर बंद करतात. मला जास्त काळजी त्या परस्पर बंद करण्याची वाटते, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत. गोळी चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना काय विचारायचं आणि काय दाखवायचं, ते इथे कळेल.

१. ही गोळी नेमकी कशासाठी देतात? बाबांना ॲटॅक आला नव्हता, तरी का दिली?

ॲटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. ठोक्याचा आजार वेगळा. त्यात हृदयाची विजेची यंत्रणा बिघडते आणि ठोके फार जलद किंवा अनियमित पडतात. वरच्या कप्प्यांचा ताल बिघडला तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, रिपोर्टवर ‘एएफ’ लिहिलेलं असतं. खालच्या कप्प्यांचा ताल बिघडला तर तो थेट जिवावर बेतू शकतो. ॲमिओडॅरोन दोन्हींत वापरतात.

हे औषध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये छातीत दुखण्यावर म्हणून तयार झालं आणि ठोक्यावरचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली, तीही जीवघेण्या ठोक्यांसाठी. हृदय कमजोर असतानाही वापरता येणारी ठोक्याची औषधं मोजकीच आहेत, त्यांतलं हे एक. दुष्परिणाम माहीत असूनही डॉक्टर ते का लिहितात, याचं उत्तर यात आहे.

२. लिव्हरच्या शिरा म्हणजे कुठल्या? त्यांचा हृदयाशी काय संबंध?

आतडी आणि प्लीहा यांच्याकडून आलेलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या वाटेने येतं, उरलेलं धमनीतून. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त लिव्हरमधून फिरतं. बाहेर पडताना ते उजवी, मधली आणि डावी अशा तीन मुख्य शिरांतून वर जातं. या तिघी श्वासपटलाच्या अगदी खाली महाशिरेला मिळतात आणि तिथून जेमतेम काही सेंटिमीटरवर हृदयाचा उजवा कप्पा असतो.

एवढं जवळचं नातं असल्यामुळे हृदयाचं दुखणं लिव्हरवर लगेच उमटतं. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावायला नको. नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो आणि नदीकाठच्या शिवारात पाणी शिरतं. पंचगंगेच्या पात्रात अडथळा काहीच नसतो, पुढची नदी पाणी घेत नसते. हृदयाची उजवी बाजू थकली की लिव्हरच्या शिरांचं हेच होतं. शिरा मोकळ्या असतात, पण रक्त पुढे जात नाही, मागे दाब वाढतो, लिव्हर सुजतं आणि पोटात पाणी होतं.

शीर खरोखर बंद होणं, म्हणजे आत गुठळी किंवा पडदा तयार होणं, हा निराळा आजार आहे. त्याला बड-कियारी म्हणतात. ब्रिटनचे डॉक्टर जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये आणि हान्स कियारी यांनी १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

३. मग ॲमिओडॅरोनने लिव्हरच्या शिरा बंद होतात का? सरळ सांगा.

बड-कियारीची जी कारणं वैद्यकात मान्य आहेत, त्यांच्या यादीत ॲमिओडॅरोन नाही. ही गोळी मोठ्या शिरांत गुठळी करते असं सिद्ध झालेलं नाही.

पण म्हणून ‘लिव्हरला काहीच होत नाही’ असा अर्थ काढू नका. ही गोळी लिव्हरच्या पेशींना इजा करू शकते, आणि ती इजा वर्षानुवर्षं चालू राहिली तर लिव्हर कडक होऊन, म्हणजे सिरॉसिस होऊन, आतल्या बारीक शिरा दबतात. मग पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेत शिरा फुगतात. सिरॉसिसमध्ये पोर्टल व्हेनमध्ये गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. शिरांपर्यंत पोहोचायची ही आडवाट आहे, आणि वेळेवर रक्त तपासलं तर ती मध्येच अडवता येते. कसं, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. इंटरनेटवर तर ‘हे औषध घेणाऱ्या इतक्या लोकांना शिरेचा आजार झाला’ असे आकडे आहेत. ते खोटे का?

खोटे नसतात. त्यांचा अर्थ वेगळा असतो. औषध घेत असताना रुग्णाला काहीही झालं तर ते कळवता यावं यासाठी देशोदेशी नोंदणी यंत्रणा आहेत. त्यात ‘औषध चालू होतं आणि हा त्रास झाला’ एवढंच नोंदलं जातं, औषधामुळे झाला की नाही हे तिथे ठरत नाही. शिवाय ॲमिओडॅरोन घेणारा माणूस मुळात हृदयाचा रुग्ण. त्याचं वय झालेलं, सोबत पाच-सहा इतर गोळ्या, कधी हृदय कमजोर. त्याच्या लिव्हरच्या शिरांत दाब वाढायला हृदयच पुरेसं असतं. अशा नोंदींचा उपयोग शंका उपस्थित करण्यासाठी होतो, पुढचं उत्तर अभ्यासातून शोधावं लागतं.

आपल्याकडेही ही सोय आहे. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्ण किंवा घरचे १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः कळवू शकतात, आणि रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. खात्री नसली, नुसता संशय असला तरी कळवा. त्यातून पुढच्या माणसाला उपयोग होतो.

५. रक्त किती दिवसांनी तपासायचं? एसजीपीटी किती वाढला तर घाबरायचं?

गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी, म्हणजे एलएफटी, आणि थायरॉइड. एसजीपीटी, एसजीओटी हे एलएफटीतलेच आकडे, लिव्हरच्या पेशींना इजा झाली की ते वाढतात. छातीचा एक्स-रे साधारण वर्षातून एकदा. डोळ्यांचं काही जाणवलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. यातला सुरुवातीचा एलएफटी सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेकांकडे नसतो. पहिला आकडा माहीत नसेल तर आजचा ८० हा वाढलेला की नेहमीचाच, हे सांगणार कसं?

गोळी चालू असलेल्या साधारण १५ ते ३० टक्के लोकांत एसजीपीटी, एसजीओटी थोडे वाढलेले सापडतात. त्यांतल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही, आणि अनेकांचे आकडे डोस कमी केला की, कधी कधी तसाच ठेवूनही, खाली येतात. उघड आजार शंभरात एक ते तीन जणांना होतो. डॉक्टर सहसा दोन खुणा पाळतात: आकडा प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाला, किंवा आधीपासूनच वाढलेला होता आणि त्याच्याही दुप्पट झाला, तर डोस कमी करायचा किंवा गोळी थांबवायचा विचार होतो. वरची मर्यादा ४० असेल तर १२० ही ती रेषा.

लिव्हर बराच काळ न कुरकुरता सोसतं. भूक चांगली आहे, रंग चांगला आहे, यावर विसंबून तपासणी टाळू नका. ‘मला काही होत नाही, कशाला रक्त द्यायचं’ हे वाक्य मी फार ऐकतो, आणि दर वेळी हात जोडून सांगतो की काही होत नसतानाच द्यायचं असतं.

६. भीती वाटली म्हणून मी गोळी बंद केली. पंधरा दिवस झाले, काहीच त्रास नाही. म्हणजे ती नकोच होती ना?

असं समजू नका. हे औषध शरीरातल्या चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात साठतं आणि अतिशय सावकाश बाहेर पडतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी ५८ दिवस लागतात, कुणाला पंधरा दिवस तर कुणाला चार-साडेचार महिने. म्हणून बंद केल्यावर पहिले काही आठवडे जुन्या साठ्यावर निघतात. साठा संपत आला की ठोका पुन्हा बिघडू शकतो, तोही ध्यानीमनी नसताना, शेतात किंवा गाडी चालवताना. आज फोन करून डॉक्टरांना सांगा की गोळी अमुक तारखेपासून बंद आहे. लपवू नका, ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी सांगा.

याची दुसरी बाजूही आहे. लिव्हरला इजा झाली म्हणून डॉक्टरांनीच गोळी थांबवली, तर एसजीपीटी लगेच उतरत नाही. आठवडे, महिनेही लागतात. बंद करूनही आकडा तसाच दिसला म्हणून धीर सोडू नका.

७. डोसमध्ये गोंधळ होतो. शंभरची की दोनशेची, कळत नाही.

हा प्रश्न छोटा वाटतो, पण लिव्हरच्या दृष्टीने मोठा आहे. सुरुवातीचे काही दिवस डोस मुद्दाम जास्त असतो, मग उतरवत नेतात. डॉक्टरांनी २०० वरून १०० वर आणलेलं असतं, पण घरात जुनी २०० ची पट्टी शिल्लक असते आणि नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या कंपनीचं नाव असतं. आजी दोन्ही घेते, कारण दोन वेगळी नावं म्हणजे तिच्या लेखी दोन वेगळी औषधं. एकदा एका माउलींनी गोळ्यांचा स्टीलचा डबा माझ्यापुढे ओतला, त्यात कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे होते. एकावरही नाव उरलं नव्हतं, एकावर फक्त तारखेचा अर्धा आकडा. म्हणून पट्टी कापून सुटी मागू नका, आणि कापावीच लागली तर नाव असलेलं टोक आपल्याकडे ठेवा. काही डॉक्टर आठवड्याचे पाच दिवस गोळी आणि शनिवार-रविवार सुट्टी असं लिहितात. ते वार कॅलेंडरवर खुणा करून पाळा.

८. आईचं पोट फुगलंय, सोनोग्राफीत पाणी आलंय. ती तीन वर्षं ही गोळी घेते. गोळीमुळे झालं की हार्टमुळे?

याची तीन-चार उत्तरं असू शकतात आणि घरबसल्या त्यांतलं एक निवडता येत नाही. पण डॉक्टर काय बघतात ते समजून घ्या, म्हणजे तपासण्या अर्ध्यावर सुटणार नाहीत.

पहिला संशय हृदयावर. बसल्या जागी मानेची शीर तटतटलेली दिसते का, पाय सुजलेत का, सपाट झोपलं की दम लागतो का? मग इको करतात. हृदयाची उजवी बाजू ताणलेली दिसली, झडपेतून रक्त मागे येताना दिसलं, तर पाण्याचं कारण बहुधा वर सांगितलेला फुगवटा. याच गटात एक कारण हमखास विसरलं जातं: हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि आवळ होणं. आपल्याकडे ते टीबीमुळेही होतं. ते दिसायला हुबेहूब लिव्हरच्या आजारासारखं असतं, आणि ऑपरेशनने सुधारू शकतं. म्हणून पूर्वी टीबी झाला असेल तर तो आवर्जून सांगा.

दुसरा संशय शिरा बंद असल्याचा. यात पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखतं, लिव्हर वाढतं, पाणी भराभर होतं, आणि मानेची शीर मात्र सहसा फुगलेली नसते. महाशीर तुंबली असेल तर पोटाच्या कडेला आणि पाठीवर शिरा उठून दिसतात. आईची पाठ एकदा उजेडात बघा. पदराआड राहिलेली ही खूण घरच्यांनाच आधी दिसते.

तिसरा संशय गोळीने पेशींना झालेल्या इजेचा. त्यात एलएफटी आधीपासून बिघडलेला असतो, शिरा मोकळ्या असतात आणि लिव्हर कडक झालेलं असतं. याच्या जोडीला नेहमीची कारणं आहेतच: दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘लिव्हरच्या शिरांचा डॉपलर केलाय का?’ साध्या सोनोग्राफीत पाणी दिसतं. शिरांमधून रक्त कुठल्या दिशेने आणि किती जोराने वाहतंय, हे डॉपलरमध्ये कळतं. आणि पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका. पाणी काढल्याने माणूस खचतो ही समजूत जुनी आहे. त्या नमुन्यातल्या प्रथिनांवरून हृदय की लिव्हर, याचा चांगला अंदाज येतो.

९. रिपोर्टवर ‘हिपॅटिक व्हेन्स डायलेटेड’ लिहिलंय. म्हणजे बड-कियारी का?

नाही, उलट. डायलेटेड म्हणजे फुगलेल्या. फुगलेल्या शिरा बहुधा हृदयाकडे बोट दाखवतात. बड-कियारीत त्या बारीक, बंद किंवा अजिबात न दिसणाऱ्या असतात. हा रिपोर्ट घेऊन आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

१०. बड-कियारी झालंच तर कशाने होतं? आणि त्यावर उपाय आहे का?

बहुतेकदा रक्तच गोठण्याकडे झुकलेलं असतं. अस्थिमज्जेत रक्तपेशी अवाजवी तयार होण्याचे आजार, ज्यांत जॅक-२ ही तपासणी करतात, प्रोटीन-सी, प्रोटीन-एस यांची जन्मजात कमतरता, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे दिवस, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. भारतात महाशिरेत पडदा तयार होऊन वाट अडण्याचे रुग्णही दिसतात. एकाच रुग्णात दोन कारणं सापडणं नवल नाही, म्हणून एक सापडलं की शोध थांबवत नाहीत.

उपाय आहेत, आणि पायरीपायरीने आहेत. रक्त पातळ करणारं औषध, अरुंद जागी फुगा किंवा स्टेंट, त्याने भागलं नाही तर लिव्हरमधून रक्ताला नवी वाट काढून देणारी टिप्स ही प्रक्रिया, आणि शेवटी प्रत्यारोपण. लवकर कळलं तर पुष्कळ काही वाचतं.

११. एएफमध्ये हृदयात गुठळी होते म्हणतात. तीच लिव्हरच्या शिरेत जाऊन अडकते का?

नाही. ती गुठळी बहुतेकदा डाव्या वरच्या कप्प्यात होते आणि तिथून महाधमनीतून पुढे जाते: मेंदूकडे, आतड्याकडे, मूत्रपिंडाकडे, हातापायांकडे. लिव्हरच्या शिरा परतीच्या वाटेवर आहेत, तिथलं रक्त हृदयाकडे येत असतं. एएफमध्ये रक्त पातळ करायची गोळी देतात ती लकवा टाळण्यासाठी.

१२. वडील माळकरी आहेत, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. तरी बायोप्सीच्या रिपोर्टवरून डॉक्टर पुन्हा पुन्हा ‘पीत होता का’ विचारतात. फार मनाला लागतं.

लागणारच. पण यामागचं कारण समजून घ्या. ॲमिओडॅरोनने लिव्हरला केलेली इजा सूक्ष्मदर्शकाखाली दारूच्या इजेसारखीच दिसते: चरबी, सूज, पेशींत मॅलरी बॉडीज नावाचे गोळे. नुसती काच बघून दोन्हींतला फरक सांगणं अवघड असतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पेशींच्या आत कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर असलेले कण दिसतात, ते औषधाकडे बोट दाखवतात, पण ती सोय सगळीकडे नसते. म्हणून बायोप्सीचा नमुना पाठवतानाच ‘रुग्ण ॲमिओडॅरोन घेतो, इतक्या वर्षांपासून’ हे कागदावर लिहायला सांगा. ही एक ओळ लिहिली नाही तर सज्जन माणसावर उगाच शंका येते आणि खरं कारण मात्र रोज सकाळी पोटात जात राहतं.

१३. सीटी स्कॅनमध्ये लिव्हर ‘जास्त पांढरं’ आलंय. हे काय?

ॲमिओडॅरोनच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीन असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन. औषध लिव्हरमध्ये साठलं की ते सीटीवर उजळ दिसतं. औषध साठलंय एवढंच यातून कळतं. आजार आहे की नाही, ते एलएफटी आणि बाकीच्या तपासण्या सांगतील. स्कॅन काढण्याआधी गोळीबद्दल सांगितलं तर रिपोर्ट लिहिणाऱ्यांचाही गोंधळ होत नाही. थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं तेही याच आयोडीनमुळे.

१४. ॲसिट्रॉम चालू आहे. ठोक्याची गोळी सुरू झाल्यावर आयएनआर एकदम चढला. लिव्हर खराब झालं का?

लगेच तसं समजू नका. ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर सांगतो. ॲमिओडॅरोन लिव्हरमधल्या त्या एन्झाइमला अडवतं, जे ॲसिट्रॉम आणि वॉर्फरिन मोडतं. मग तेवढीच गोळी जास्त लागू पडते. वॉर्फरिनचा डोस साधारण तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी करावा लागतो, ॲसिट्रॉमबाबतही अशीच सावधगिरी. परिणाम हळूहळू वाढत जातो, त्यामुळे सुरुवातीला आयएनआर वरचेवर तपासावा लागतो. लिव्हर खरंच बिघडलं तरी आयएनआर चढतोच, म्हणून त्याच्या जोडीने बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन बघतात.

हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. डिगॉक्सिनही घेत असाल तर त्याचा डोसही साधारण निम्मा करतात. सिमव्हास्टॅटिन असेल तर २० मिलिग्रॅमच्या वर नको.

१५. आयसीयूत हे औषध शिरेतून दिलं. दुसऱ्या दिवशी एसजीपीटी हजाराच्या वर. आता गोळी कधीच घ्यायची नाही का?

शिरेतून दिल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत होणारी ही तीव्र इजा गोळीच्या संथ इजेपेक्षा निराळी आहे. इंजेक्शनमध्ये औषध विरघळवायला वापरलेल्या पॉलिसॉर्बेट-८० वर संशय घेतला जातो. गोळीत तो द्राव नसतो. म्हणून अशा काही रुग्णांना पुढे, बारीक लक्ष ठेवून, गोळी देता आलेली आहे. आणखी एक शक्यता असते: त्या रात्री बीपी फार उतरलेलं असेल तर रक्त कमी मिळाल्यानेही लिव्हरचे आकडे हजारांत जातात आणि बीपी सावरलं की झपाट्याने उतरतात. डिस्चार्ज कार्डावर ‘इंजेक्शननंतर एसजीपीटी वाढला’ असं स्पष्ट लिहून घ्या.

ज्या हाताला सलाईन होतं तिथली शीर दोरीसारखी कडक आणि दुखरी झाली असेल, तर ती त्या शिरेची सूज आहे. लिव्हरच्या शिरांशी तिचा संबंध नाही.

१६. ठोक्याची दुसरी एखादी गोळी लिव्हरला सोसणारी नाही का?

आहेत, पण प्रत्येकीची अट वेगळी. सोटॅलॉल लिव्हरमधून न जाता मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणजे तिथे क्रिएटिनिन बघावं लागतं. फ्लेकेनाइड हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही. ड्रोनेडॅरोन हे आयोडीन काढून बनवलेलं भावंड, तरी जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्याही गंभीर लिव्हर-इजेबद्दल इशारा दिला. काही एएफ रुग्णांना गोळीऐवजी ॲब्लेशन, म्हणजे नळीवाटे हृदयातली ठोका बिघडवणारी जागा निकामी करणं, सुचवतात. प्रोप्रॅनोलॉल हे ठोका कमी करणारं औषध तर लिव्हरच्या रुग्णांना पोर्टल व्हेनमधला दाब उतरवण्यासाठीही देतात. म्हणून बाबांच्या शेजाऱ्याला जी चालली ती बाबांना चालेल, असं धरू नका.

१७. गोळीबरोबर गुळवेल, काढा, ‘लिव्हर टॉनिक’ घेतलं तर लिव्हर जपलं जाईल ना?

मी हे विकू शकतो, तरी घेऊ नका असंच सांगतो. लिव्हरवर आधीच एक भार असताना दुसरा टाकला, तर आकडे वाढल्यावर दोष कुणाचा हे कळेनासं होतं. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्यांत लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यांचा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कुठेही जावो, ॲमिओडॅरोन घेणाऱ्याने स्वतःवर प्रयोग करायला नको.

शिरांच्या बाबतीत तर वनस्पतींचा धोका पक्का ठाऊक आहे. १९७० च्या दशकात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात, गावंच्या गावं पोटात पाणी होऊन आजारी पडली. खाण्यातल्या बारीक धान्यात रानटी क्रोटालेरियाचं बी मिसळलेलं होतं. आपल्या माळरानावर वाळल्यावर शेंगा वाजणारा खुळखुळा असतो ना, त्याच कुळातलं. त्यातल्या विषाने लिव्हरमधल्या अगदी बारीक शिरा बंद झाल्या. या प्रकारात मोठ्या तीन शिरा डॉपलरमध्ये मोकळ्या दिसू शकतात, म्हणून काय काय खाल्लं-प्यायलं हे विचारणं तपासणीइतकंच मोलाचं ठरतं. कुणी दिलेली बिननावाची पुडी घेतली असेल तर ती डॉक्टरांना नेऊन दाखवा.

१८. खाण्यापिण्याचं काय? रस्सा चालेल का?

नुसती गोळी चालू आहे, लिव्हर आणि हृदय ठीक आहे, तर पांढरा रस्सा बेताने खायला हरकत नाही. पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल तर मात्र दिवसभराचं सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, मीठ. त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण आणि मिसळीचा कट सगळं मोजायचं. ताटात वरून मीठ न घेणं एवढ्याने भागत नाही. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना कळवा.

दारू पूर्ण बंद. ग्रेपफ्रूटचा रस या औषधाची रक्तातली पातळी वाढवतो. आपलं पपनस त्याच घराण्यातलं, तेही टाळलेलं बरं.

१९. बहिणीला लिव्हरच्या शिरेत गुठळी झाली होती, आता बरी आहे. गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का, असं विचारते.

विचारलं हे फार चांगलं केलं. तिने ती घेऊ नये, निदान तिच्या पोटविकार किंवा रक्तविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही नाही. या कामासाठी मिळणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि गुठळी होऊन गेलेल्या बाईसाठी तो धोका आहे. माझ्या काउंटरवर सणाच्या आठवड्यात ही गोळी चिठ्ठीशिवाय मागणाऱ्या मुली येतात. ‘कधी शिरेत गुठळी झाली होती का’ हे मी विचारतो तेव्हा काहींना संकोच वाटतो, तरी विचारत राहणार. गौरी दुसऱ्या कुणाच्याही हातून बसवता येतात. आणि ॲमिओडॅरोन घेणाऱ्या बाईला दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, बाळाच्या थायरॉइडला त्याचा त्रास होऊ शकतो.

२०. मामांना हिपॅटायटिस सी निघालाय आणि ॲमिओडॅरोनही चालू आहे. दोन्ही उपचार एकत्र चालतील का?

इथे घाई करू नका. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा करणाऱ्या गोळ्यांत बहुधा सोफोसबुविर असतं. ते ॲमिओडॅरोनबरोबर दिल्यावर ठोका धोकादायक इतका मंद होण्याच्या घटना समोर आल्या, आणि मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. काहींना पेसमेकर बसवावा लागला, एक मृत्यूही झाला. सहसा दुसरा पर्याय शोधतात. पर्यायच नसेल तर सुरुवातीचे दिवस रुग्णालयात ठेवून ठोक्यांवर लक्ष ठेवतात. पोटाच्या डॉक्टरांना हृदयाची फाइल आणि हृदयाच्या डॉक्टरांना पोटाची फाइल, दोन्ही दाखवा. ॲमिओडॅरोन बंद करून महिना-दोन महिने झाले असले तरी तेही सांगा, कारण प्रश्न ६ मध्ये लिहिल्याप्रमाणे ते अजून अंगात असतं.